साडूच्या कपाटातले शर्ट

साडूबद्दल लिहायला बसलो खरा, पण तो माणूस मला कितपत माहीत होता याचा विचार करण्यातच दोन दिवस गेले. माझी बायको थोरली, त्याची धाकटी. पस्तीस वर्षं एकमेकांच्या घरी जेवलो, तरी तो मनातून कसा आहे हे मी कधी विचारलं नाही. त्याच्याकडे बघत मात्र पुष्कळ असे. जळत असे म्हणा.

त्याची रक्त तपासायची लॅब होती. मी पाणीपुरवठा कचेरीत नळांचे नकाशे काढायचो. तो उंच, रुंद खांद्यांचा. तो आला की सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं थांबायचं. माझी बायकोसुद्धा त्याच्यापुढे येताना केसांवरून हात फिरवून यायची. तिला वाटे, मला दिसत नाही.

त्रेपन्नाव्या वर्षी त्याचं काहीतरी बिनसलं. चारचौघांत गप्प बसू लागला, साध्या बोलण्यावर खेकसू लागला. मग एके दुपारी मेहुणी आमच्याकडे आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "ताई, लॅबच्या कपाटात तीन शर्ट सापडले. इस्त्रीचे."

"कामाचे डाग पडत असतील गं," माझी बायको म्हणाली.

"एकही डाग नाही. तिथेच धुतो, तिथेच वाळवतो, घरी आणतच नाही. भावजी, तुम्ही पुरुष आहात, तुम्हीच सांगा. दिवसातून तीनदा शर्ट कोणासाठी बदलतो हो माणूस?"

झोपायलाही तो दुसऱ्या खोलीत जातो, हे तिने बहिणीला हळू आवाजात सांगितलं, पण मला ऐकू आलं. खोटं कशाला लिहू, मला आतून गुदगुल्या झाल्या. याचंही पाऊल वाकडं पडतं तर. आणि लगेच दुसऱ्या बाजूने जळजळ सुरू झाली, की बघा, या वयातही याला कोणीतरी भेटली.

पुढच्या आठवड्यात मी साखर तपासायला त्याच्या लॅबमध्ये गेलो. त्याने रक्त काढलं आणि एक नळी जास्तीची भरली. मी विचारलं तर म्हणाला, "असू द्या, राखीव." दोन दिवसांनी तपासणीचा कागद आणायला गेलो तेव्हा तो बाहेर गेला होता. काउंटरवरच्या मुलीने त्याच्या टेबलावरचा गठ्ठा जसाच्या तसा माझ्या हातात दिला. साखरेच्या कागदामागे आणखी दोन कागद टाचलेले होते. दोन्हींवर पुरुषांच्या हार्मोनची तपासणी. एकावर माझं नाव, दुसऱ्यावर त्याचं. माझा आकडा ठीक होता. त्याचा माझ्या निम्म्याहून कमी.

तेवढ्यात तो आला. माझ्या हातातले कागद बघून त्याने मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. पाठीवर शर्ट ओला चिकटला होता. बाहेर लोक स्वेटर घालून बसले होते.

"माझं रक्त न विचारता तपासलंत," मी म्हणालो.

"बघायचं होतं, मलाच झालंय की सगळ्यांनाच होतं." तो खुर्चीत बसला. "एकदम अंगातून वाफ निघते. मग घाम. मग उगाच रडू येतं. बायकांची पाळी जाते ना, तसं काहीतरी. आमचे डॉक्टर म्हणतात, पुरुषाचं एकदम बंद होत नाही, हळूहळू ओसरतं. माझं जरा जास्तच ओसरलं." मग माझ्या कागदाकडे बघत म्हणाला, "तुम्ही अठ्ठावन्नचे ना? बसून नकाशे काढणाऱ्या माणसाला एवढं लागतं कशाला, साडूबुवा?"

आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर जळत होता. मला ते फार आवडलं.

"घरी सांगा," मी म्हणालो. "तिला वाटतंय, तुमची कोणी बाई आहे."

"वाटू द्या. ते परवडलं. हे नको. तुम्ही शब्द द्या."

मी दिला, आणि आनंदाने पाळला. त्यानंतर मेहुणी दर दोन दिवसांनी येऊ लागली. डोळे पुसत म्हणायची, "भावजी, ताई नशिबाची. तुमच्यासारखा सरळ माणूस मिळाला." असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. मी मान खाली घालून ऐकायचो आणि ती पुन्हा कधी येईल याची वाट बघायचो. असे तीन आठवडे मी काढले.

मग एक दिवस ती बॅग घेऊनच आली. लेकीकडे निघाली होती, कायमची. गाडीला दोन तास होते. तिने बॅग दाराशी टेकवली तेव्हा मात्र माझा धीर सुटला. मी सगळं सांगून टाकलं. घाम, रडू, आकडा. शब्द दिला होता हेही सांगितलं.

ती आधी हसली. "एवढंच? माझी पाळी जात होती तेव्हा दोन वर्षं हाच रात्री उठून माझी घामाने भिजलेली उशी पालटायचा." मग हसू गेलं. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तीन आठवडे."

ती बॅग उचलून घरी परत गेली. तेव्हापासून तिने मला सरळ माणूस म्हटलं नाही.

त्यांचं जमलं. तो औषध घेऊ लागला, सकाळी दोघं फिरायला जाऊ लागले. शर्ट घरी धुतले जाऊ लागले. माझ्याशी त्याने बोलणं तोडलं नाही, पण कामापुरतंच ठेवलं. साडूबुवा म्हणायचा बंद झाला. मी शब्द मोडला याचा राग, की आधी पाळला याचा, हे विचारायचं राहून गेलं. अशी नऊ वर्षं गेली. मग तो झोपेतच गेला.

त्याच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला होता, तेच आमचं शेवटचं बोलणं.

"ही पोचली का तिकडे?"

"आत्ताच आली. देऊ?"

"नको. छत्री घरीच राहिलीय म्हणावं. मी न्यायला येतो."

"सांगतो."

"बरं. ठेवतो."