उजवा हात दाखवा

"उजवा हात दाखवा."

जनावरांच्या दवाखान्यात कोणी कुत्रं घेऊन आलं की चाचा आधी कुत्र्याकडे पाहायचेच नाहीत. मालकाचा उजवा हात धरायचे, नाकाशी न्यायचे, डोळे मिटून एकदा हुंगायचे आणि निकाल देऊन टाकायचे. "भजे देल्ले. कांद्याचे." किंवा, "दुधात पोळी कुस्करली काय?" माणूस आधी नाही म्हणायचा, मग ओशाळं हसायचा, मग कबूल व्हायचा. "हात खोटं बोलत नाई," चाचा म्हणायचे. "तोंडाचं आपुन काई सांगत नाई."

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. हुद्द्यानं अगदी खालचा, पण ज्याच्याशिवाय त्या जागेला अर्थ नाही. आमचे चाचा दवाखान्यात परिचर होते. म्हणजे बैल लाकडी खोड्यात धरायचा, औषधाच्या बाटल्या लावायच्या, शेण उचलायचं. डॉक्टर तरुण होते, शिकलेले होते, पण त्यांच्याकडे चार गावं होती. आठवड्यातले तीन दिवस ते यायचे. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे चाचा.

त्यांना कुत्र्यांचं फार होतं. कुत्र्याची लाळ लागलेल्या कपड्यानं नमाजाला जायचं नाही, म्हणून दवाखान्यातल्या खिळ्यावर एक धुतलेला सदरा कायम टांगलेला असायचा. दिवसातून दोन-दोनदा तो बदलताना मी पाहिलेलं आहे. मी एकदा म्हटलं, "चाचा, एवढा त्रास, तर कुत्र्याला हात लावताच कशाला?" ते गुंड्या लावत म्हणाले, "सदरा धुतल्यानं साफ होते, सर. त्याचं पोट कसं धुसान?"

माझ्या बंड्याचं पोट हाच मुळी आमच्या ओळखीचा धागा. तांबूस रंगाचं गावठी कुत्रं. दिसायला दांडगं, पोटानं मात्र नवरदेवापेक्षा नाजूक. चार दिवस बरं, मग तीन दिवस पातळ. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून पुस्तकं उघडून पाहिली, दुकानातलं पाकिटातलं खाणं आणून पाहिलं, उपास घडवून पाहिला. शेवटी गेलो दवाखान्यात. चाचांनी हात हुंगला आणि म्हणाले, "चहात बुडवलेला टोस. सकाळचाच." मी कबूल झालो.

"उद्या त्याची संडास कागदात घेऊन या," त्यांनी फर्मावलं.

दुसऱ्या दिवशी मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पिशवी घालून निघालो तर वाटेत मुख्याध्यापक भेटले. "काय सर, गरम जिलेबी वाटतं?" म्हणून पिशवीकडे वाकले. मी कसाबसा सटकलो. चाचांनी मात्र ती पुडी एखाद्या जवाहिऱ्यासारखी उजेडात धरली, काडीनं उलटसुलट केली आणि म्हणाले, "चोथा नाई याच्या पोटात."

"तंतुमय पदार्थ," मी म्हटलं.

"हाव, तेच. चोथा म्हना ना, त्याले बी समजन."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. भात मऊ शिजवायचा, मीठ नाही. कोहळं उकडून कुस्करायचं. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते आमचं कोहळं. पहिल्या दिवशी एकच चमचा, मग हळूहळू वाढवायचं. इसबगोल चिमूटभर, तेही भरपूर पाण्यात भिजवून. कोरडं दिलं तर उलटं आतडं धरतं. कोंबडीचा तुकडा साधा उकडलेला, हाडाशिवाय. दूध, तेल, कांदा, लसूण, टोस, बिस्कीट, सगळं बंद. "अन् एका दिवसात बदलू नका. जुनं खानं कमी कमी, नवं जास्त जास्त, सात दिवस घ्या. चोथा कमी झाला तरी पोट बिघडते, जास्त झाला तरी बिघडते. मापात ठेवा."

महिन्याभरात बंड्याची पाठ चकाकायला लागली. मी रोज शाळा सुटल्यावर दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसायला लागलो. चाचा माझा हात धरायचे, हुंगायचे, "साफ हाय," म्हणायचे. मोठ्या माणसानं पाठीवर थाप मारावी तसं वाटायचं मला. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला.

भादव्यात एकदा ते म्हणाले, "पित्रं आले, सर. त्या दिवशी याले घरात बांधून ठेवा. दरसाल या पंधरवड्यात अर्ध्या गावाचे कुत्रे माझ्या पायरीवर असतात. वडे, खीर, कढी. लोकाचा जीव असते त्याच्यात, मी कसं नाई म्हनू? पन बंड्याले झेपनार नाई."

पायरीवर आणखी चार-पाच जण होते. त्यात माझ्या विद्यार्थ्यांचे दोन पालक. मी जरा आवाज चढवून म्हणालो, "आमच्याकडे असलं काही नसतं, चाचा. मी विज्ञानाचा माणूस आहे. गेलेला माणूस कुत्र्याच्या तोंडानं जेवतो, हे मी मुलांना कोणत्या तोंडानं शिकवू?" पालकांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं.

वडलांचं पित्र दशमीला. आईनं पहाटेपासून रांधलं. पानं वाढून झाली, कावळ्याचं छपरावर गेलं, गाईचं गोठ्यात गेलं. कुत्र्याचं पान घेऊन मी दारात उभा. गल्लीत एक कुत्रं नाही. कुठून असणार? बंड्या कोणाला फिरकू देत नव्हता. मी पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. आई उंबऱ्यात येऊन बसली.

"घरात कुत्रं असून दुसऱ्याची वाट काऊन पाहून राह्यला?"

"त्याला चालत नाही, आई."

"तुह्या बापाचा घास हाय तो. तो दारातून उपाशी जाईन अन् तू पाहत राहशीन?"

ती रडली वगैरे नाही. नुसती पानाकडे पाहत बसली. वडील गेले तेव्हा मी परगावी परीक्षेच्या कामावर होतो, पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. ते तिनं मला कधी बोलून दाखवलं नव्हतं, तेव्हाही दाखवलं नाही. मी बंड्याला सोडलं. उडदाचा वडा कढीत बुडवून, खीर लावून, माझ्या हातानं त्याला भरवला. एक नाही, तीन. आणि खरं सांगतो, भरवताना वडील जेवले असं वाटलं मला. विज्ञानाच्या माणसाला.

चार वाजता बंड्या ओकायला लागला. मग मागून नुसतं पाणी, मग रक्त. ओकलेलं आईनं राखेनं झाकलं आणि मी त्याला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला. त्या दिवशी डॉक्टर होते. पायरीवर माणसं होती. त्यातला एक पालक तोच, परवा मान डोलावणारा.

"काय खायला दिलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "यांनी सांगितलं तेवढंच. भात, कोहळं, इसबगोल."

एवढंच. नीट पाहिलं तर दहा शब्दही नाहीत. पण ते बोलताना मी चाचांकडे बोट केलं होतं.

चाचा पुढे आले. त्यांनी सवयीनं माझा उजवा हात धरला आणि नाकाशी नेला. मी हात साबणानं धुतला होता, पण फोडणीचा हिंग आणि तूप साबणानं जात नाही. माझ्या कपाळावर गंधही तसंच होतं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार. मी खाली पाहिलं. त्यांनी माझा हात हळूच सोडला.

"इसबगोल जास्त सांगतलं असन, साहेब," ते डॉक्टरांना म्हणाले. "माप चुकलं माह्यं."

डॉक्टर भडकले. त्यांचंही अगदीच चूक होतं असं नाही. शिक्षण नसलेल्या माणसानं औषधं सांगू नयेत हे त्यांनी आधी बजावलं होतं. "उद्या जनावर दगावलं तर जबाबदार कोण?" असं सगळ्यांसमोर विचारलं. बंड्याला सलाईन लावल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही लेखी द्या. मी तोंडी सांगून थकलोय."

आणि मी दिलं. टेबलावरचा कागद ओढला आणि चार ओळी लिहिल्या, फळ्यावर लिहितो त्याच अक्षरात. चाचा तेव्हा बंड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. सुई हलू नये म्हणून त्याचा पाय धरून.

बंड्या तीन दिवसांत बरा झाला. चाचांचं मात्र आत बसायचं स्टूल गेलं. पाणी भरायचं, बैल धरायचा, झाडायचं. कोणाला काही सांगायचं नाही. लोक यायचे, विचारायचे. चाचा म्हणायचे, "साहेबाले इचारा." साहेब नसले तरी, "साहेबाले इचारा." एकदा मी रस्त्यावरून पाहिलं. एका बाईनं आपण होऊन उजवा हात पुढे केला होता. चाचांनी तिची बोटं मिटवली आणि हात परत तिच्याकडे ढकलला. त्यानंतर मी शाळेला मागच्या रस्त्यानं जायला लागलो.

याहून वाईट सांगतो. बंड्याचं पथ्य मी सोडलं नाही. भात, कोहळं, भिजवलेलं इसबगोल, सगळं चाचांच्याच मापानं. शाळेत कोणाच्या कुत्र्याचं पोट बिघडलं की मी हे माप सांगायचो, माझं म्हणून. तंतुमय पदार्थ म्हणायचो, चोथा म्हणायचो नाही. चाचा निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाचा छोटा कार्यक्रम होता. मला अचानक पेपर तपासायचे आठवले.

ते मुलाकडे धामणगाव बढ्याला गेले. मधे ती साथ येऊन गेली, आई गेली. आईच्या माघारी दवाखान्यातले ते शब्द मला फार टोचायला लागले. आता ज्याला कळून दुःख व्हावं असं घरात कोणी उरलं नव्हतं, तरी मी गप्पच होतो. मग त्या गावी एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न निघालं. अक्षता पडल्या आणि मी घर विचारत गेलो.

चाचा अंगणात खाटेवर होते. वाळले होते, पण ओळखलं लगेच. "सर, या बसा. बंड्या हाय काय?"

"आहे. म्हातारा झाला."

सुनेनं चहा आणला. ती खांबाला टेकून ऐकत उभी राहिली. मला बोलायचं होतं, पण बोलायचा धीर नव्हता. म्हणून मी काय केलं, तर उजवा हात पुढे केला. वाटलं, ते धरतील, हुंगतील, त्यांना ते आठवेल, आणि जे मला बोलवत नाही ते तेच बोलतील. शिव्या देतील. देऊ देत.

त्यांनी हात धरला खरा. नाकाशी नेला नाही. दोन्ही तळव्यांत घेऊन बसले आणि हसले.

"आता वास येत नाई, सर. त्या साथीत गेला तो गेलाच. फुलाचाबी नाई, शेनाचाबी नाई. आता तुमीच सांगा, काय देता त्याले?"

सून हसली, "सांगा ना सर, रोज आठवन काढतात तुमची."

वाक्य माझ्या ओठांवर होतं. चाचा, त्या दिवशी वडे दिले होते मी. इतकं सोपं.

मी म्हणालो, "भात आणि कोहळं."

"अन् इसबगोल?"

"चिमूटभर. भिजवून."

त्यांचा चेहरा उजळला. सुनेकडे वळून म्हणाले, "पाह्य. मी म्हनत होतो ना? एवढ्या लोकाले सांगतलं, पन सरानं ऐकलं." आणि माझा हात थोपटून म्हणाले, "शाबास."

निघताना त्यांनी सुनेला वेलावरचं कोहळं तोडायला लावलं, बंड्यासाठी. मी ते मांडीवर घेऊन एसटीत बसलो. हिवाळ्यात कळलं, चाचा गेले.

यंदा दशमीला मी घरात एकटाच होतो. स्वयंपाकाच्या बाईनं पानं केली. कावळ्याचं ठेवलं, गाईचं शेजारी दिलं. कुत्र्याच्या पानावर मी मऊ भात घेतला, उकडलेलं कोहळं कुस्करलं, मीठ घातलं नाही. वडलांचं आणि आईचं नाव घेतलं. तिसरं नाव घ्यायला मी त्यांचा कोणी लागत नाही, तरी घेतलं. म्हाताऱ्या बंड्यानं माझ्या हातातून सगळं खाल्लं आणि तिथेच झोपला.

मी हात धुतला नाही. उजवा तळवा उघडा ठेवून पायरीवर बसून राहिलो.