चष्मा करणं

बाइंडिंग खात्यातल्या त्या माणसाला सगळे 'चष्मा' म्हणतात. काचा जाड, एक दांडी दोऱ्याने बांधलेली. अर्धं आयुष्य छापील कागदांच्या घड्या घालण्यात गेलं. पण मालकासमोर न घाबरता बोलणारा छापखान्यात तो एकटाच. म्हणून पगारवाढीच्या बोलणीला कामगारांचा प्रतिनिधी तोच हवा, हा माझा हट्ट. त्यालाही मनापासून व्हायचं होतं. त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आला.

जेवणाच्या सुट्टीत मी युनियनची सभा बोलावली. मी त्याचं नाव पुकारणार, तोच पॅकिंगमधली नवी पोरगी उठली. "ताई, कुणीही चालेल, फक्त ऐनवेळी चष्मा करणारा नको!"

सगळे फिदीफिदी हसले आणि एकदम सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या.

इथे 'चष्मा करणं' म्हणजे मोक्याला पाठ दाखवणं. मशीन बंद पडलं तरी म्हणतात, "केला चष्मा!" हा शब्द समोर बसलेल्या माणसावरून पडलाय, हे पोरीच्या गावीही नव्हतं. मागच्या संपात तो भरदुपारी फाटकावरून निघून गेला होता. बायको बाळंतपणात अडली होती. पुढाऱ्याच्या कानावर घालूनच गेला, असं तो सांगतो. पुढारी वारला. निघून जाण्याचं कारण त्याच्याबरोबर गेलं, शब्द तेवढा उरला.

माझं डोकं फिरलं. "कुणी शिकवलं गं तुला हे?"

"कुणी नाही. सगळे म्हणतात. मला वाटलं, काचेवर वाफ धरली की माणूस आंधळा होतो, तसं काहीतरी."

"वाफ कसली!" कटिंगवाले काका म्हणाले. "चष्मा नाकावरून घसरतो ना, तसा माणूस घसरतो."

अहो, काका स्वतः त्या संपात होते! चिडायचं तरी कुणावर?

तेवढ्यात ज्याच्यावरून हे चाललं होतं, तोच उठला. "हे बघा, मी एकदा उभा राहिलो म्हणजे राहिलो. चष्मा करायला मी काय..."

आणि थबकला. त्याच्याही तोंडी तोच शब्द! आधी काका हसले, मग तोही. पोरगी मात्र बावरून एकेकाकडे बघत राहिली. मग मीच बाळंतपणाची हकिगत ओरडून सांगितली. कुणाला पटली, कुणी नुसताच कान खाजवला. हात वर झाले, निम्म्याहून जरासे जास्त. निवडून आला.

जाताना त्याने मला बाजूला घेतलं. "ताई, उद्या बोलणी चालू असताना पाणी प्यायला उठलो तर?"

"उठायचं नाही."

"आणि लघवीला?"