अर्धं बोट

बाबांचा दुर्गुण कोणता, असं विचारलं असतं तर घरातल्या कुणीही डोळे मिटून सांगितलं असतं: टोकणं. तेही एकच. "अगं, चपला घाल. फरशी गार आहे." आई ओट्यापासून दारापर्यंत गेली, तरी हे मागे चपला घेऊन हजर. भर उन्हाळ्यातसुद्धा यांच्या लेखी फरशी गारच.

बाकी माणूस देवासारखा. कोपऱ्यावरच्या टीचभर दुकानात चाळीस वर्षं चपला-बूट शिवले. गिऱ्हाईक घाई करू लागलं की म्हणायचे, "सावकाश." गल्लीनं नावच ठेवलं, सावकाशकाका. राग आलाच, तर उंबऱ्यापर्यंत येऊन परत जायचा. आणि गेले मात्र तडकाफडकी, सकाळी दुकानात बसल्या बसल्या. तेवढी एकच घाई केली आयुष्यात.

महिनाअखेर दुकान रिकामं करून द्यायचं होतं. त्याआधी आईला एकदा त्यांची बसायची जागा बघायची होती. पण तिच्या चपलांचे तळ पार गेले होते, आणि अनवाणी चालताना ती लंगडत होती. लेकीनं तिला जन्मात लंगडताना पाहिलं नव्हतं.

"हे काय गं?"

"वय झालं, चालायचंच. पण त्यांच्या दुकानात मी लंगडत नाही जायची."

लेक बाजारातून नव्या चपला घेऊन आली. त्यातही आई लंगडली, आणि त्या कोपऱ्यात सारून मोकळी झाली.

दुकान आवरताना लेकीला भिंतीला टाचलेला जुना कागद दिसला. त्यावर आईच्या दोन्ही पावलांच्या रेघा, आणि उजव्या टाचेपाशी बाबांचं अक्षर: 'अर्धं बोट वाढवणे. आतून. तिला दिसता कामा नये.' फरशी का गार असायची ते तिला तेव्हा कळलं. ती तिथेच खाली बसली आणि पोटभर रडली.

कागदाखाली आईचा नवा जोड होता. पट्टे शिवून झालेले, टाचा राहिलेल्या. लहानपणी बाबांशेजारी बसून पाहिलेलं सगळं आठवत तिनं चामड्याचा थर कापला, आत बसवला, खिळे ठोकले. दोनदा बोट ठेचलं.

आईनं जोड पायात घातला, एक पाऊल टाकलं आणि दाराची चौकटच धरली. ती आधीपेक्षा दुप्पट लंगडत होती. लेकीचा चेहरा पडला. आई मात्र महिन्यानंतर पहिल्यांदाच हसली.

"डावी वाढवलीस. लग्नानंतरच्या पहिल्या जोडाला त्यांनीही हेच केलं होतं. चप्पल मांडीवर उपडी घेतली की डावी-उजवीचा गोंधळ होतो. आठवडाभर तशीच चालले, बोलले नाही. मग एका सकाळी जोड गुपचूप नीट झालेला."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला माहीत नाही, असं त्यांना वाटायचं. एवढं जपत होते, कसं सांगू? आज सांगू, उद्या सांगू..." हसता हसता तिचा आवाज फुटला. "राहूनच गेलं गं."

लेकीनं चपला उचलल्या. "आत्ता नीट करून आणते."

"सावकाश," आई म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी निघाल्या. आई गल्लीतून सरळ चालत गेली, जराही न लंगडता. दुकानात बाबांचा बसायचा झिजलेला पाट होता. आई त्याच्यापुढे उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, मला माहीत होतं."