नोरीनचा काटा

आमच्या गव्हाच्या गावात वजनकाट्यावर नोरीन बसायची तेव्हा भल्याभल्या ट्रकवाल्यांची तंतरायची. ट्रकमध्ये गहू जरासा जास्त झाला, की ती खिडकीतून मान बाहेर काढून शांतपणे म्हणायची, "उतरव, मग ये." ट्रकवाल्या डेसला तर तिने सगळ्यात जास्त वेळा परत पाठवलं. तो विधुर, ती विधवा. लेकाचा मुद्दाम जास्त भरतो, असं म्हणून आम्ही त्याला छळायचो.

निवृत्त झाल्यावर नोरीनने देशाच्या मधोमध पसरलेलं सिम्प्सनचं निर्मनुष्य वाळवंट ओलांडायचं ठरवलं. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली आणि आम्हाला सूड उगवायची आयती संधी मिळाली. निरोपाची भेट म्हणून कुणी बिडाचं भांडं दिलं, कुणी पोलादी बंपर, कुणी बिअरचे खोके, कुणी मुरंब्याच्या बरण्या. डेसने स्वतः वेल्डिंग करून टपावर लोखंडी कॅरियर बसवून दिला. बाई भिडेपोटी कुणालाच नाही म्हणेना. गाडीचं बूड पार खाली गेलं.

निघायच्या सकाळी अख्खं गाव काट्यावर हजर. ट्रक सोडून तिच्या खुर्चीत आता डेस बसायचा. गाडी, सामान, पाणी, डिझेल आणि ती स्वतः, सगळं मिळून गाडीच्या वजनमर्यादेच्या आत बसलं तरच जाईन, असं तिनेच जाहीर केलं होतं. आकडा बघून डेसच्या मिशा थरथरल्या.

"उतरव, मग ये," तो म्हणाला.

आमची हसून हसून मुरकुंडी वळली. कुणीतरी सुचवलं, तू नुसती खाली उतर, आकडा बसेल. तिने असं काही बघितलं की तो पाना शोधायला पळाला. मग बंपर निघाला, कॅरियर निघाला, भांडं ज्याचं त्याला परत गेलं. पाण्याला मात्र तिने हात लावू दिला नाही. बिअर आणि मुरंबा आम्ही तिथेच फस्त केला. तिने बोटसुद्धा चाटलं नाही. पोटात गेलं तरी वजन गाडीवरच येणार ना.

गाडी पुन्हा काट्यावर चढली.

"मर्यादेला अजून ब्याण्णव किलो शिल्लक आहे," डेस म्हणाला. बिचाऱ्याचा चेहरा पडला. आता ती खरंच जाणार होती.

नोरीनने मान बाहेर काढली. "तुझं वजन किती, डेस?"

"चौऱ्याण्णव. कपड्यांसकट."

"बूट उतरव, मग ये."

काट्यावर हल्ली मी बसते. ते बूट अजून टेबलाखालीच आहेत.