सातव्या प्रश्नापुढची टिंबं

परिचारिका प्रशिक्षण शाळेच्या परीक्षा-प्रमुखांनी बावीस उत्तरपत्रिका टेबलावर मांडल्या आणि दाराला आतून कडी घातली. औषधाच्या मात्रेच्या गणितात दरवर्षी निम्मा वर्ग गटांगळ्या खायचा. यंदा एक सोडून सगळ्या पास. तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

मग त्यांना खुणा दिसल्या. प्रत्येक उत्तरापुढे पेन्सिलीने एक रेघ, नाहीतर टिंब. सातव्या प्रश्नापुढे तर एकोणीस जणींचं टिंब.

"कॉपीच!" ते पुटपुटले.

दुपारी त्यांचा अहवाल वर जाणार होता. कॉपी लिहिलं की बावीस जणींचं वर्ष बुडणार होतं आणि शिकवणाऱ्या बाईंची नोकरी जाणार होती.

त्यांनी बाईंना बोलावलं. बाई वॉर्डात चोवीस वर्षं काढून इथे आलेल्या. उभ्यानेच बोलायची सवय अजून गेली नव्हती.

"ही कसली खूण?"

"खात्री असेल तर रेघ. अंदाजाने ठोकलं असेल तर टिंब. वर्षभर तेच करतो आम्ही. टिंब कुठे पडलं ते बघायचं आणि घरी तेवढंच घोटायचं."

"आणि सातव्याला सगळ्यांना एकदम अंदाज सुचला?"

"सातवा मीच नीट शिकवला नाही, सर. सलाइनच्या थेंबांचं गणित. टिंबं बघूनच कळलं मला."

चूक इतक्या सहज कबूल करणाऱ्या माणसाचा प्रमुखांना जास्तच संशय यायचा. त्यांनी आधी दोनदा नापास होऊन यंदा पास झालेली मुलगी शोधून आणवली. बाईंना खिडकीपाशी, पाठ करून उभं केलं. पाच नवी गणितं स्वतः घातली.

मुलगी घामाघूम झाली, पण पाचही सुटली. चारांपुढे रेघ. तिसऱ्यापुढे टिंब.

"तिसरं बरोबर आहे की! मग टिंब का?"

"जमून गेलं, सर. पुन्हा घातलंत तर येईलच असं नाही."

"बरोबर आलेल्यावर कोणी शंका घेतं का, पोरी?"

"पेशंटला द्यायचं असतं ना, सर. बाई म्हणतात, चुकणारीला मी सांभाळून घेईन. आपण चुकतोय हे जिला कळत नाही, तिची मला धास्ती."

खिडकीकडे तोंड करून बाई उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही, खाकरल्याही नाहीत. प्रमुखांचं त्यांच्या पाठीवर बारीक लक्ष होतं.

दोघी गेल्यावर त्यांनी पेन्सिलीची टोकं तपासली. मुलगी बसली होती त्या बाकाखाली वाकून पाहिलं. हाती काही लागलं नाही. शेवटी अहवालात लिहिलं: कॉपी आढळली नाही.

सही केली. कागद पाकिटात घालता घालता थांबले. दाराकडे एकदा पाहिलं, पेन्सिल उचलली आणि त्या वाक्यापुढे, दिसेल न दिसेल असं, एक टिंब दिलं.