एक माणूस तेवढा काढून द्या

खून, दरोडे सगळं पाहून मी निवृत्त झालो; पण कुणी आठवण सांगा म्हटलं की मला आधी ती हार्ड डिस्क आठवते आणि आजही हसू येतं.

मी तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एके सकाळी तेर गावाकडचा एक चित्रपट निर्माता रडकुंडीला येऊन समोर बसला. पोटापाण्यासाठी ठिबकच्या नळ्या विकायचा. चित्रपटात स्वतःच निर्माता, स्वतःच ड्रायव्हर, वेळ पडली तर आचारी. आधीचे दोन चित्रपट अर्धवट राहिलेले. तिसरा कसाबसा पुरा झाला आणि शेवटच्या दिवशी गावजेवणाच्या गडबडीत सगळं चित्रीकरण असलेली हार्ड डिस्क गेली. महोत्सवाला पाठवायची मुदत तोंडावर आलेली.

“दुसरी प्रत?” मी विचारलं.

“उद्या काढणार व्हतो, साहेब.”

हे उत्तर मी नोकरीभर ऐकलं. चोरी झालेल्या घराला कुलूपही उद्याच बसणार असतं.

अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली. पहिला संशय नायकावर, कारण त्याचा मारामारीचा प्रसंग कापला होता. त्याला बोलावून घेतलं. हुंदके देत तो निर्दोष असल्याचं सांगू लागला. चौकशीत रडण्याचं सोंग करणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण या नटाला सोंग जमणं शक्यच नव्हतं. तो खरंच बोलत असणार, अशी माझी खात्री पटली.

संध्याकाळी ढोकीच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्यानं खबर दिली. “साहेब, एक म्हातारी काळी डबी घेऊन आलती. यातला एक मानूस तेवढा काढून दे, बाकीचे राहू दे म्हनली. म्या पासवर्ड इचारला, तशी निघून गेली.”

मी निर्मात्याला विचारलं, “तुमच्या चित्रपटात म्हातारा कोण आहे?”

“एकच हाय. सुरुवातीलाच मरतो.”

निर्मात्याला आणि एका महिला शिपायाला घेऊन जीप काढली. म्हातारा ओट्यावरच भेटला. “म्या मेलतो साहेब, लई झकास,” तो अभिमानानं म्हणाला. आत त्याची बायको ज्वारीच्या कणगीला पाठ लावून उभी होती. महिला शिपायानं गोडीनं विचारलं, मी दरडावून विचारलं. ती हलेना. शेवटी तिचे डोळे भरून आले.

“तिरडीवर बांधलं ओ त्यांना. आता गावोगाव, रोज मरनार. मला कसं बघवंल?”

मग मी आवाज खाली आणला. “मावशी, जित्या माणसाची मेल्याची आवई उठली तर काय होतं?”

“आयुष्य वाढतंय की.”

“मग? ही आवई तर गावोगाव उठणार.”

तिनं क्षणभर विचार केला, खांद्यापर्यंत हात कणगीत घातला आणि डिस्क काढून निर्मात्याच्या हातावर ठेवली. “पार मुरूम गावाकडंबी दावा,” असं वर बजावलं.

वस्तू मिळाली, तक्रार नाही, असं निर्मात्यानं लिहून दिलं. चित्रपट वेळेत गेला. गावात दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी निर्मात्याच्या दारात म्हाताऱ्यांची रांग. प्रत्येकाला पुढच्या चित्रपटात मरायचं होतं.

चोर लोभीच असतो, असं आम्हाला शिकवतात. मला त्या म्हातारीनं शिकवलं की माणूस भीतीपोटीही चोरी करतो, आणि ती भीती कुठली हे कळलं की दरडावावं लागत नाही.

गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली. महिन्याभरात तोच निर्माता पेढे घेऊन घरी आला. म्हणाला, “साहेब, वहिनींचा फोन आलता. तुमच्यासाठी तिरडीचा रोल ठेवलाय.”

मी हसून बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मग मीही हसायचा थांबलो आणि शूटिंग कधी आहे ते विचारलं.