चिठ्ठीबरहुकूम

वासू गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली आणि तिच्यासोबत एक फोटो आला. आमच्या शाळेच्या आजी-माजी शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी 'वासू पेंटर गेले, भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहून हात जोडले होते. खाली माणसाचा फोटो लावायचा, तर देवबागातल्या एका पाटीचा लावला होता. पिवळ्या जमिनीवर निळी इंग्रजी अक्षरं. लिहायचं होतं 'फ्राइड फिश थाळी'; दोन अक्षरांची अदलाबदल होऊन झालं होतं 'फायर्ड फिश', म्हणजे नोकरीवरून काढून टाकलेला मासा. आधी चारपाच जणांनी हळहळ व्यक्त केली. मग एकाने 'वर तरी स्पेलिंग नीट लिही रे बाबा' असं टाकलं आणि हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. वासूला अजून घरातून उचललंही नव्हतं. मला शिसारी आली. महिना झाला, ती गेलेली नाही. ती कुणाकुणाची आहे, हे एकदा नीट सांगावं म्हणून लिहितो आहे.

वासू आणि मी मालवणात सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी इंग्रजीचा मास्तर झालो आणि तो बाजारात एका गाळ्यात पाट्या रंगवू लागला. हात असा, की खडूची दोरी एकदा फळीवर आपटली की पुन्हा पट्टी लावायची गरज नाही. सुरुवातीला सगळं काम होड्यांचं असायचं, देवांची नावं, आयांची नावं. मग देवबागात पर्यटक आले, घरटी दोन खोल्या भाड्याने निघाल्या आणि सगळ्यांना एकदम इंग्रजी पाहिजे झालं. इंग्रजी आलं ते पुस्तकातून नाही, कानातून. मुंबईचा पाहुणा विचारायचा 'अटॅच बाथ' आहे का, आमच्या मावशीबाई ऐकायच्या 'अटॅक बाथ' आणि तेच कागदावर लिहून वासूकडे पाठवायच्या. 'वॉटर स्पोर्ट्स'चे 'वॉटर स्पॉट्स' झाले, म्हणजे पाण्याचे डाग. पाहुणे त्या पाटीखाली उभे राहून दात काढून फोटो घ्यायचे. तेच पाहुणे देवबागला 'देवबाघ' म्हणतात, सोलकढीला 'सोलकरी' म्हणतात. त्याचा फोटो कुणी काढत नाही. हे मी आज तावातावाने लिहितो आहे, पण तेव्हा मीही हसलोय, पोटभर. नववीचा वर्ग पेंगायला लागला की मी या पाट्याच सांगायचो. पोरं हसली की मला बरं वाटायचं.

वासूचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने चिठ्ठी लिहून द्यायची आणि तो चिठ्ठीबरहुकूम रंगवणार, काना इकडचा तिकडे करणार नाही. याला कारण होतं. उमेदवारीच्या काळात एका तांडेलाने नव्या होडीसाठी आईचं नाव दिलं होतं, 'रुकमी'. वासूला वाटलं, बिचाऱ्याला लिहिता येत नाही. त्याने शहाणपणा करून होडीवर झोकात 'रुक्मिणी' काढलं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तांडेल आला आणि नावावर बोट ठेवून म्हणाला, "माझ्या आवशीचा नाव रुकमी. ही रुक्मिणी कोण?" वासूने ते नाव पत्र्याने खरवडून काढलं आणि संध्याकाळपर्यंत रुकमी पुन्हा रंगवली. त्यानंतर त्याने कुणाचा शब्द दुरुस्त केला नाही. मी एकदा त्याला टोकलं, की बाबा रे, लोक तुला अडाणी समजतात. तर म्हणाला, "माझा काम रंगाचा. शब्द गिरायकाचो." एवढं मात्र करायचा, की ब्रश बुडवण्याआधी चिठ्ठी गिऱ्हाइकापुढे धरायचा आणि एकदा वाचून बघायला सांगायचा. काम झालं की ती चिठ्ठी तारेला अडकवून ठेवायचा.

आता त्या पाटीबद्दल. देवबागातलं ते जेवणघर माझ्या भाच्याचं, प्रसादचं. पाटीचा मजकूर मामाने द्यायचा, कारण मामा इंग्रजीचा मास्तर. मी तो शाळेतून येताना, एस.टी. सुटायच्या घाईत, वासूच्या गाळ्यातल्या स्टुलावर बसून खरडला. वासूने चिठ्ठी हातात घेतली, पाहिली आणि माझ्यापुढे धरली. "मास्तरा, एकदा वाच तरी." गाळ्यात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यादेखत म्हटलं, "तू आता माका इंग्लिश शिकवतलंस?" ती हसली. वासूही हसला, आणि त्याने ब्रश बुडवला. ती अदलाबदल माझ्या हातची. नोकरीवरून काढलेला मासा माझा आहे. हे एवढं वाक्य लिहायला मला आठ वर्षं लागली.

पुढचं लिहितानाच तोंड कडू होतं. कुणा पाहुण्याने पाटीचा फोटो टाकला आणि तो फिरत फिरत गावात परत आला. पाटीच्या कोपऱ्यात पेंटरची सही असते, तशी होती, 'वासू, मालवण'. म्हणजे अडाणी कोण, हे जगाला आयतंच कळलं. आमच्या स्टाफरूममध्ये फोटो हातोहात फिरला. माझ्याकडे आला तेव्हा मी आधी हसलो आणि मग ओळखला. तेव्हा गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मी म्हणालो, "सातवी पास माणूस तो, चालायचंच."

दोन दिवसांनी प्रसाद तणतणत वासूच्या गाळ्यात शिरला. मी समोरच्या सोड्याच्या दुकानात उभा होतो, सगळं ऐकू येत होतं. चिठ्ठी मी परस्पर दिलेली, प्रसादने ती पाहिलीच नव्हती. तो म्हणाला, "वासूकाका, माझ्या मामान अशी चूक केलेली नसतली. चिठी खंय आसा ती दाखवा." वासूने मान वर केली. रस्त्यापलीकडे मी त्याला दिसलो. आमची नजरानजर झाली... मी सोड्याची बाटली तोंडाला लावली. वासू म्हणाला, "गावणा नाय रे. चूक माझीच." दुसऱ्या दिवशी त्याने देवबागात जाऊन पाटी नव्याने रंगवून दिली. पण फोटो कुठे पुसता येतो? लोक गाळ्यापाशी येऊन त्याच्याबरोबर सेल्फी काढायचे आणि तो ब्रश हातात धरून मुकाट उभा राहायचा. हळूहळू इंग्रजीची कामं त्याच्याकडे येईनाशी झाली. फ्लेक्समुळे, असं मी स्वतःला सांगत राहिलो. फ्लेक्सवरही चुका असतातच, पण त्यांच्या कोपऱ्यात कुणाची सही नसते.

शोकसभेला अध्यक्ष मीच. वक्त्यांनी पाट्यांचे किस्से सांगितले, सभा खळखळून हसली, मागे चहाचे कप फिरत होते. मी उभा राहिलो तेव्हा सगळं सांगायचं ठरवून उभा राहिलो होतो. प्रत्यक्षात म्हणालो, "त्याचं इंग्रजी कच्चं होतं, पण मन सच्चं होतं." टाळ्या पडल्या. घरी आल्यावर माझा मलाच वीट आला, जेवण गेलं नाही.

बाराव्यानंतर वासूच्या घरी गेलो. सुलोचनावहिनी पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि त्या तारेवर माझी चिठ्ठी अजून असेल तर द्या, मी ती वर्तमानपत्रात छापून आणतो, असं म्हटलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. त्यांना यातलं काही नवीन नव्हतं. म्हणाल्या, "भावोजी, ती चिठी ह्येंनी फोटो इलो त्याच सांजेक चुलीत घातली. म्हणाले, मास्तराक उद्या पोरांसमोर उभा रवाचा आसा." आणि पुन्हा सूप उचललं. मला त्यांनी बोल लावला असता तर बरं झालं असतं.

मी निवृत्त झालो त्या आठवड्यात वासू न सांगता माझ्या घरी आला होता, फणसाच्या फळीवर इंग्रजीत माझं नाव रंगवून. नावाखाली पदवी, त्याखाली 'रिटायर्ड टीचर ऑफ इंग्लिश'. मी चिठ्ठी दिली नव्हती, त्यानेही मागितली नव्हती. ती पाटी आजही माझ्या दाराला आहे. त्या दिवशी तो पायरीवर उभा होता. मी फळी हातात घेतली, चष्मा लावला आणि त्याला आत ये म्हणायच्या आधी एकेक अक्षर तपासलं.